दीड मिनिटात न मावणारा आवाज : अमेरिकन टीव्ही स्पर्धांमधले गॉस्पेल आणि सोल गायक

रानजाई

नमस्कार मंडळी,

हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं. १८ मे २०२५ ला 'अमेरिकन आयडल' या टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेच्या २३ व्या पर्वात जमाल रॉबर्ट्स जिंकला, तेव्हा आमच्या शेजारच्या आजी खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या आणि दोन्ही हात वर करून रडल्या. मिसिसिपीतल्या मेरिडियन गावचा २७ वर्षांचा मुलगा, शाळेत पीटीचा मास्तर, तीन मुलींचा बाप. २००३ मध्ये रूबेन स्टडर्ड जिंकला होता. त्यानंतर कृष्णवर्णीय पुरुष गायक जिंकायला २२ वर्षं जावी लागली. आजींना रूबेनचा निकालही लख्ख आठवत होता. २ कोटी ४० लाख मतं पडली होती आणि तो जेमतेम १ लाख ३४ हजारांनी जिंकला होता.

मी अकरा वर्षं नॉर्थ कॅरोलायनात, ग्रीन्सबरोला राहते. या आजींच्या चर्चमध्ये वडीलधाऱ्या बायकांना 'मदर' म्हणतात, म्हणून आम्हीही त्यांना मदरच म्हणतो. माझं बाळंतपण झालं तेव्हा आई भारतातून येऊ शकली नव्हती. सव्वा महिना मदरनी घरचं माणूस होऊन केलं. नंतर एका रविवारी त्या म्हणाल्या, "आज माझ्याबरोबर चल, मुलांचा कॉयर आहे." कॉयर म्हणजे चर्चमधलं समूहगान. मी गेले. मी त्या धर्माची नाही, पण त्या दिवशी ऐकलेलं डोक्यातून जात नाही.

लाकडी बाकं, प्रत्येक बाकावर पुठ्ठ्याचे हातपंखे, त्यांच्या पाठीवर गावातल्या अंत्यविधीच्या दुकानाची जाहिरात. पांढरे हातमोजे घातलेल्या बायका दाराशी उभ्या. पुढे हॅमंड ऑर्गन. तेरा-चौदा वर्षांची एक मुलगी गायला उभी राहिली. पहिलं कडवं छान झालं, दुसऱ्याला शब्द गेले. गळा दाटला, ओठ थरथरायला लागले. मला पोटात कसंतरी झालं. आपल्याकडे गॅदरिंगला असं झालं की काय होतं ते मी भोगलेलं आहे. पण तिथे मागच्या बाकावरून आवाज आला, "सावकाश गं बाळा." मग दुसरा, तिसरा. "घाई नाही. सावकाश." ऑर्गनवाल्याने एकच स्वर धरून ठेवला, खाली पायाने खर्ज दाबला आणि तो थांबला. कितीतरी वेळ थांबला. मुलीने डोळे मिटले आणि शब्द सोडून नुसत्या 'ऊं'कारात ती ओळ गायली. अख्खं चर्च उभं राहिलं.

तेव्हापासून या स्पर्धा बघताना मला तो थांबलेला ऑर्गन आठवतो. टीव्हीवर गाणं दीड-दोन मिनिटांचं कापलेलं असतं, तिथे कोणी कोणासाठी थांबत नाही. तरी ही पोरं तिथे जातात आणि तेवढ्यात काहीतरी करून दाखवतात.

आमच्यापासून अर्ध्या तासावर हाय पॉइंट आहे, फँटेशिया बॅरिनोचं गाव. घरचे सगळे चर्चमध्ये गाणारे. २००४ च्या तिसऱ्या पर्वात ती १९ वर्षांची होती, पदरात लहान मुलगी. त्या पर्वात तिने मंचावर खाली बसून 'समरटाईम' गायलं. गर्शविनच्या ऑपेरातली ती अंगाई आहे. शोधून जरूर ऐका. एकोणीस वर्षांच्या आईने गायलेली अंगाई आहे ती. त्या काळात आपल्याला नीट वाचता येत नव्हतं, हे तिने नंतर स्वतःच सांगितलं. कार्यक्रमात लिहिलेलं वाचायची वेळ आली की ती कशीबशी निभावून न्यायची. म्हणजे गाणी सगळी कानाने उचललेली. अंतिम फेरीत साडेसहा कोटी मतं पडली आणि ती जिंकली. तिचं पहिलंच गाणं बिलबोर्ड मासिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर आलं.

तुम्ही या स्पर्धा बघता का? कोणाचा आवाज लक्षात राहिला? मला शास्त्र कळत नाही, जाणकारांनी लिहावं.

---

ठेका_दादरा

रानजाई, फार सुंदर लिहिलंयस. ऑर्गनवाला थांबला तिथे मीही थांबलो.

एक प्रामाणिक शंका. मी हिंदुस्थानी शिकलोय. या स्पर्धांत प्रत्येक शब्दाला तानेचं शेपूट लावलेलं असतं, साधा स्वर कोणी लावतच नाही. दर गाण्याच्या शेवटी किंचाळी आणि परीक्षक उभे. मला ते गाणं कमी आणि कसरत जास्त वाटते. हे मुळात असंच आहे, की टीव्हीने केलंय?

---

अनवट

@ठेका_दादरा, शंका रास्त आहे. मी डेट्रॉइटला एका गॉस्पेल (म्हणजे कृष्णवर्णीय चर्चमधली भक्तिगीतं) कॉयरमध्ये सहा वर्षं टेनर, म्हणजे पुरुषांचा वरच्या पट्टीचा आवाज, गातोय. त्यात मी एकटाच देशी. माझ्या कुवतीप्रमाणे सांगतो.

ज्याला तुम्ही तानेचं शेपूट म्हणता त्याला इथे 'रन' म्हणतात. चर्चमध्ये रन मोजून येतात. आमच्या कॉयर डायरेक्टरबाई नवीन पोरांना पहिले काही महिने रन घेऊच देत नाहीत. 'आधी ओळ सरळ गा, मला शब्द ऐकू येऊ दे,' एवढंच. ओळ सरळ गाऊन झाली, दोनदा झाली, लोकांनी ती उचलली, की मग तुमची जागा येते.

आणि खरी गंमत पुढेच आहे. या गाण्यांना 'व्हँप' नावाचा शेवटचा भाग असतो. गाणं संपलंय असं वाटतं, मग एकच ओळ धरून ठेवतात. आधी सोप्रानो (बायकांतले उंच आवाज) घेतात, त्यावर आल्टो (बायकांतले खालचे आवाज) चढतात, मग आम्ही टेनर. पुढे गायिका आणि आम्ही यांच्यात सवालजवाब सुरू होतात. पट्टी अर्ध्या स्वराने वर जाते, पुन्हा अर्ध्याने. हॅमंडच्या लेस्ली स्पीकरच्या पेटीत भोंगा गरगर फिरत असतो, वादक त्याचा वेग वाढवतो, तसा सगळा आवाज थरथरायला लागतो. भजनात शेवटी गजर धरतात ना, तुकाराम तुकाराम करत लय चढते, तसंच. हे दहा-दहा मिनिटं चालतं. आमच्याकडे म्हणतात, व्हँपपर्यंत जे झालं ती प्रस्तावना.

आता दीड मिनिटाचं कापलेलं गाणं घ्या. त्यात व्हँपला जागाच नाही. मग त्या मुलाला दहा मिनिटांची चढण तीस सेकंदांत चढावी लागते. म्हणून तुम्हाला ती किंचाळी ऐकू येते. चढण काढून टाकली आणि नुसतं शिखर दाखवलं, तर तिथे उभा असलेला माणूस ओरडतोय असंच वाटणार. यात पोरांचा दोष मी फारसा मानत नाही.

शिवाय कॉयर नाही, लोक ओळ परत देत नाहीत. सवाल टाकायचा आणि जवाबाची जागा आपणच रनने भरून काढायची. तुम्हाला जो पसारा वाटतो ना, त्यातला बराचसा या न आलेल्या जवाबाचा आहे.

---

ठेका_दादरा

अनवट, हे कोणी असं सांगितलं नव्हतं. न आलेला जवाब! आज पुन्हा ऐकतो.

---

पोफळी

वाचतेय. जेनिफर हडसनचं नाव अजून कोणी कसं घेतलं नाही? फँटेशियाच्याच पर्वातली ती. शिकागोची, लहानपणापासून चर्चच्या कॉयरमध्ये गाणारी.

एप्रिल २००४ चा तो भाग आहे. सगळ्यात कमी मतं मिळालेल्या तिघी म्हणजे फँटेशिया, ला टोया लंडन आणि जेनिफर. त्या पर्वातल्या सगळ्यात ताकदीच्या तिघी, तिघीही कृष्णवर्णीय. त्या रात्री जेनिफर बाहेर पडली, सातव्या क्रमांकावर. त्याच पर्वात पाहुणा म्हणून येऊन गेलेल्या एल्टन जॉनने मतदानात वंशभेद आहे असं पत्रकारांसमोर उघड सांगितलं होतं.

मला यात अजून एक गोष्ट दिसते. तेव्हा फोन करून मत द्यायचं, आणि एकाच माणसाला कितीही वेळा फोन करता यायचा. ज्याच्या घरात संध्याकाळी दोन तास मोकळे आणि फोनवर बसायला पोरंटोरं, त्याची मतं जास्त. जेनिफरला ऐकून भारावलेली माणसं खूप होती, पण तीन चांगल्या गायिकांत त्यांची मतं वाटली गेली. गोंडस दिसणाऱ्या एकट्या मुलाची मतं एकगठ्ठा पडतात. मला ही पद्धत तेव्हाही अन्यायाची वाटली आणि आजही वाटते.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. 'ड्रीमगर्ल्स'साठी २००७ मध्ये ऑस्कर. २०२२ मध्ये टोनी मिळालं तेव्हा एमी, ग्रॅमी, ऑस्कर, टोनी असे चारही मान तिच्याकडे झाले. सातव्या क्रमांकाची मुलगी!

पण हे वाचून "बघा, शेवटी न्याय मिळतोच" असं कृपया कोणी लिहू नका. ला टोया लंडन त्याच रात्री तिथेच बसली होती. ती शेवटी चौथी आली. तिचं नाव आज किती जणांना आठवतं? आवाज तोच तोलामोलाचा होता.

---

नगरचा_योहान

पहिल्यांदाच प्रतिसाद देतोय, आजवर नुसता वाचक होतो. आम्ही अहिल्यानगरकडचे मराठी ख्रिस्ती. आमच्याकडे 'उपासना संगीत'मधली गीतं, ना. वा. टिळकांची पदं, पेटी आणि तबला. गॉस्पेल ज्याला म्हणतात ते आमच्या देवळात नव्हतं, ते मी यूट्यूबवर ऐकलं. (हो, आम्ही चर्चला देऊळच म्हणतो.)

ताईंनी ज्या मुलीबद्दल लिहिलं ते वाचून आमच्या आजीची आठवण आली. कोणी पोर चुकलं की आजी खालून तीच ओळ हळूच धरायची, पोराला कळायचंही नाही कोणी सावरलं.

मला इथे 'संडे बेस्ट'बद्दल सांगायचंय. अमेरिकेतल्या बीईटी वाहिनीवर २००७ मध्ये सुरू झालेली ही फक्त गॉस्पेलची स्पर्धा. कर्क फ्रँकलिन सूत्रसंचालक. परीक्षकांच्या खुर्चीत डॉनी मॅकक्लर्किन, योलांडा अ‍ॅडम्स, 'मेरी मेरी'च्या दोघी बहिणी अशी माणसं बसलेली आहेत, म्हणजे स्वतः या गाण्यात हयात घालवलेली. पहिली विजेती क्रिस्टल एकिन नर्स होती. २०१२ चा विजेता जोशुआ रॉजर्स तर विशीच्याही आतला, आणि त्या स्पर्धेतला पहिला पुरुष विजेता.

पण मला सगळ्यात जवळची लिअँड्रिया जॉन्सन. २०१० चं तिसरं पर्व. तीन मुलांची एकटी आई, आणि ऑडिशनच्या सुमारास कर्ज थकून घर गेलेलं. तिचा आवाज गोड नाही. खरखरीत आहे, वरच्या सप्तकात फाटतो, आणि ती तो फाटू देते. दुसऱ्या कुठल्या स्पर्धेत तिला 'आवाजाला पॉलिश नाही' म्हणून पहिल्या फेरीत घरी धाडलं असतं. इथे परीक्षकांना ती खरखर म्हणजे काय ते ठाऊक होतं. जुन्या कृष्णवर्णीय चर्चमधले प्रवचनकार बोलता बोलता गायला लागतात तो आवाज आहे तो. २०१२ मध्ये तिला ग्रॅमी मिळालं.

माझी पत्नी दोन वर्षांपूर्वी आजारी होती. रात्री झोप यायची नाही. मी हेडफोनचा एक कान तिला द्यायचो, एक मला. तेव्हा आम्ही लिअँड्रियाच ऐकायचो. इंग्रजी सगळं कळायचं असं नाही.

---

रानजाई

योहानदादा, तुमचं शेवटचं वाचून डोळे भरून आले. वहिनी आता बऱ्या आहेत ना? आणि लिहीत राहा हो, नुसते वाचक राहू नका.

---

नगरचा_योहान

हो ताई, बरी आहे आता. देवळात परत गाते.

---

मधली_आळी

आपल्याकडचं उदाहरण म्हणून कार्तिकी गायकवाड आठवली. २००९ ला 'सारेगमप लिटिल चॅम्प्स' जिंकली तेव्हा केवढीशी होती. आळंदीची पोर, अभंग-गवळणी घरातूनच आलेल्या. तिचा आवाज बंद खोलीत घडलेला नव्हता, समोर माणसं बसलेली आहेत हे धरून घडलेला होता. फँटेशिया, जेनिफर यांचंही तेच असावं. गाणं शिकणं आणि चारचौघांसमोर गाणं, या त्यांच्यासाठी वेगळ्या गोष्टी कधी नव्हत्याच.

---

सांजपावली

@रानजाई, मदरना या स्पर्धा चालतात का? चर्चचं गाणं बाजारात नेलं म्हणून रागावणारी पिढी ना ती?

सॅम कुकचं उदाहरण आहे. 'सोल स्टिरर्स' या गॉस्पेल गटाचा लाडका गायक. १९५६ मध्ये प्रेमगीताची पहिली तबकडी काढली तर नाव बदलून, 'डेल कुक' म्हणून. का, तर चर्चची माणसं दुखावतील. पण आवाज लपला नाही, लोकांनी ओळखलाच. १९५७ पासून तो उघडपणे प्रेमगीतांकडे, म्हणजे पुढे ज्याला 'सोल' म्हटलं गेलं त्या बाजूला गेला आणि गॉस्पेलच्या श्रोत्यांत कित्येकांनी त्याला परत आपलं मानलं नाही.

आणि आता बघा. २०१५ च्या 'द व्हॉइस'मध्ये लुइझियानाची कोरिन हॉथॉर्न १७ वर्षांची असताना अंतिम फेरीत पोचली. स्पर्धा मुख्यतः पॉपची. तिथून तिने गॉस्पेलची वाट धरली आणि काही वर्षांत बिलबोर्डच्या गॉस्पेल यादीत पहिला क्रमांक गाठला. सॅम कुक ज्या दाराने बाहेर गेला त्याच दाराने ही पोरगी आत आली. २०२५ मध्ये तर ईस्टरच्या रविवारी 'अमेरिकन आयडल'ने श्रद्धेच्या गाण्यांचा खास भागच केला.

मला याचा आनंद आहे, पण धाकधूकही आहे. वाहिनीला ईस्टरला चर्च हवं असतं, पुढच्या आठवड्यात डिस्को. पोरांनी दोन्ही सारख्याच जोमाने गायचं.

---

अनवट

सांजपावली, धाकधूक समजते. फक्त एक भर घालतो. स्पर्धा ही टीव्हीने आणलेली नाही. हार्लेमच्या अपोलो थिएटरमध्ये १९३४ पासून हौशी गायकांची रात्र चालते. त्याच वर्षी १७ वर्षांची एला फिट्झजेराल्ड तिथे नाचायला म्हणून गेली, आधीच्या नाचणाऱ्या बहिणी बघून धसकली आणि ऐनवेळी गायली. जिंकली. तिथे प्रेक्षक तोंडावर हुर्यो करतात. पुढे टीव्हीवरून अपोलोचा कार्यक्रम व्हायचा, त्यात १३ वर्षांची लॉरिन हिल माइकपासून लांब उभी राहिली, आवाज पोचेना, लोकांनी आरडाओरडा केला. तिने माइक जवळ घेतला आणि गाणं पुरं केलं.

म्हणजे या मुलांना दोन्ही माहीत असतं. रविवारी सकाळचं 'सावकाश बाळा' आणि अपोलोची हुर्यो. त्या हुर्योत उभं राहायचं बळ कुठून येतं ते रानजाईने पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय.

---

पोफळी

मँडिसाबद्दल कोणीतरी लिहा अशी वाट बघत होते, शेवटी मीच लिहिते.

२००६, 'आयडल'चं पाचवं पर्व. नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठात शिकलेली. हे तेच फिस्क, जिथल्या विद्यार्थ्यांचा 'जुबिली सिंगर्स' हा गट १८७१ मध्ये पैसे उभे करायला दौऱ्यावर निघाला आणि ज्याने गुलामीतली भक्तिगीतं जगाला ऐकवली. ऑडिशन उत्तम झाली. ती खोलीबाहेर गेल्यावर परीक्षक सायमन कॉवेलने तिच्या वजनावरून विचारलं, यंदा मोठा मंच आहे का? ते प्रक्षेपित झालं. घरच्यांसकट सगळ्या देशाने ऐकलं.

नंतरच्या फेरीत ती त्याच्यासमोर आली. कॅमेरे चालू. तिने शांतपणे सांगितलं, तुम्ही मला दुखावलंत, मी रडले. आणि मी तुम्हाला क्षमा केली आहे, कारण मलाही क्षमा मिळालेली आहे. सायमनने उठून तिला मिठी मारली आणि माफी मागितली. मी तो भाग किती वेळा पाहिला असेल! माझंही वजन हा आयुष्यभराचा विषय आहे. लग्नात, ऑफिसात, साडीच्या दुकानात. त्या बाईने आवाज न चढवता सगळ्यांसमोर 'मला लागलं' म्हटलं, ते मला आजवर जमलेलं नाही.

ती नववी आली. २०१४ मध्ये तिला ग्रॅमी मिळालं. एप्रिल २०२४ मध्ये, ४७ व्या वर्षी, ती गेली. बातमी कळली तेव्हा मी लोकलमध्ये होते. उतरायचं स्टेशन निघून गेलं.

---

ठेका_दादरा

पोफळीताई, काय लिहू. आत्ताच पाहिला तो भाग.

अनवट, तुम्ही सांगितलंत तसं पुन्हा ऐकलं. आधी लिअँड्रिया, मग फँटेशियाचं 'समरटाईम'. अंगाईत ती एके ठिकाणी स्वर लावून गप्प बसते, वाद्यांना पुढे जाऊ देते आणि मागाहून येते. आमचे बुवा असं करायचे, ठेक्याला पुढे सोडून मागून येऊन समेवर बसायचे. आम्ही कितीही केलं तरी ते साधलं नाही. १९ व्या वर्षी! मी कसरत म्हणालो होतो ते मागे घेतो.

---

रानजाई

सगळ्यांचे आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

सांजपावली, तुझा प्रश्न मी मदरना जसाच्या तसा विचारला. त्या म्हणाल्या, "माझी आई घरात ब्लूज लावू द्यायची नाही. मी सॅम कुक उशीखाली रेडिओ ठेवून ऐकला." बास, एवढंच. मे महिन्यात अंतिम फेरीच्या रात्री मात्र त्यांनी मला बोलावून फोन हातात दिला होता, "या मुलाला मत कसं द्यायचं ते दाखव." मेरिडियनचं तेवढं एकच नाही बरं. २०२० मध्ये 'द व्हॉइस' जिंकलेला टॉड टिलमन त्याच गावचा, तिथल्या चर्चचा पाद्री. एवढ्याशा गावातून दोघं! मदरना यात काहीच नवल वाटलं नाही. "तिथे चर्च किती आहेत ते मोज," म्हणाल्या.

आणि ती मुलगी, जिचे शब्द गेले होते, ती आता सतरा वर्षांची आहे. पुढच्या वर्षी ऑडिशनला जायचं म्हणते. गेल्या रविवारी तिने मदरना विचारलं, जाऊ का? मदर म्हणाल्या, दुसरं कडवं म्हणून दाखव.

मी अंगणात कपडे काढत होते. मदरच्या व्हरांड्यात ती उभी होती, पेटी नाही, ऑर्गन नाही. या वेळी शब्द सगळे आले. मदर खुर्चीत डोळे मिटून, हाताने खुर्चीवर ठेका धरून. ओळ संपली की खालच्या पट्टीत तीच ओळ परत द्यायच्या. समोरच्या घरातला माणूस गवत कापायचं यंत्र बंद करून उभा राहिला. व्हँप किती वेळ चालला ते मी मोजलं नाही.